पद्मिनी आणि सिटी: घोडबंदर रोडवर आठ महिने

प्रीमियर पद्मिनी (1089 सीसी, कार्ब्युरेटर) आणि पाचव्या पिढीची होंडा सिटी (1498 सीसी, 121 पीएस), दोन्ही गाड्या आठ महिने मुख्यतः ठाण्यात चालवल्या. घोडबंदर रोडवर माजिवडा ते गायमुख रोजचं, मुलुंड अधूनमधून. पद्मिनीची ताकद जेमतेम 40 हॉर्सपॉवर, त्यामुळे कागदावर तुलनाच नाही. पण जुनी गाडी हळू चालते ही तक्रार घोडबंदरला करण्यात अर्थ नाही, तिथल्या कोंडीत सगळ्याच हळू. पद्मिनी अडते ती तापल्यावर.

तिचा पंखा बेल्टवर, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांवर फिरतो. कापूरबावडीला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना फेरे कमी, म्हणून वाराही कमी. त्यात पेट्रोल पंप इंजिनच्या ब्लॉकलाच बोल्टने बसवलेला. तो तापला की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपातला डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा लवचीक पडदा) नुसती वाफ ओढत बसतो. गाडी आधी झटके देते, मग गप्प. तेव्हा सेल्फ मारत राहिलात तर बॅटरीही जाईल. बॉनेट उघडा, ओलं फडकं पंपावर आणि नळीवर ठेवा, पंधरा मिनिटं थांबा. तापलेल्या एक्झॉस्टवर मात्र पाणी पडू देऊ नका, बीड तडकतं.

वारंवार होत असेल तर पंप आणि ब्लॉक यांच्यामधला बेकेलाइटचा जाड तुकडा जागेवर आहे का पाहा. बऱ्याच गाड्यांत तो हरवलेला असतो आणि जागी साधं पॅकिंग असतं. इलेक्ट्रिक पंप लावायचा तर 2 ते 3 पीएसआयचाच, टाकीजवळ. जास्त दाबाचा लावला की कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई टिकत नाही, कार्ब्युरेटर ओसंडतो आणि गरम इंजिनवर पेट्रोल सांडतं.

ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने नवी डोकेदुखी आणली. जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम फुगतात, भेगाळतात. इथेनॉलला चालणारे घालून घ्या. सिटीचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण आपोआप जुळवतो. पद्मिनीचा जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र, आपल्यालाच बदलावा लागतो.

पद्मिनीचे ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. पाण्यातून गेल्यावर पॅडल हलकं दाबून शंभर-दोनशे मीटर चालवा, म्हणजे लायनर सुकतात. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी व्हील सिलिंडर गळतो का पाहा, शू नंतर. सिटीला एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारं), ईएससी (घसरताना गाडी सावरणारं), एअरबॅग आहेत. इथे वाद संपतो. पावसाळ्यात घरच्यांना घेऊन जायचं तर सिटीच.

खड्ड्यांत मात्र पद्मिनी सुखाची. तिचा 5.20-14 टायर जाड. सिटीच्या वरच्या मॉडेलच्या 185/55 आर16 टायरची बाजूची भिंत जेमतेम 10 सेंटीमीटर, तेव्हा हवा आठवड्याला तपासा, कमी असेल तर रिमला मार बसतो. पण सिटीचं तेलपाणी वर्षाकाठी होतं, पद्मिनीच्या किंगपिनला (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीला) मात्र ठराविक अंतराने ग्रीस लागतं. ते चुकवलं की स्टिअरिंगचा खेळ वाढतो.

पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप 0.4 मिलिमीटरच्या आसपास ठेवा, फीलर गेजनेच, म्हणजे फट मोजायच्या पट्टीनेच. ब्लेडच्या पात्याचा अंदाज चालतो म्हणणारे मेकॅनिक अजून भेटतात. त्यांच्याकडून परत आलेली गाडी मिसिंग करते.