नसलेला टायमिंग बेल्ट मी बदलून घेतला, त्याची गोष्ट

गेल्या मार्चमध्ये मी गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि वॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा, बदलून घेतला. बेल्ट आणि लेबर मिळून ११,८०० रुपये. माझ्या गाडीच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट मुळात नसतोच, हे मला एप्रिलमध्ये कळलं.

गाडी २००७ ची होंडा सिटी झेडएक्स, पेट्रोल. आप्पांनी घेतलेली, त्यांचे डोळे अधू झाल्यावर माझ्याकडे आली. मार्चमध्ये मीटरवर १,९४,००० च्या आसपास किलोमीटर होते. २०२२ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत ५,००० रुपये फी भरून, तपासणी करून आरसी आणखी पाच वर्षं वाढवून आणली. नवऱ्याचं म्हणणं, चार पैसे येतायत तोवर विकून मोकळी हो. माझं म्हणणं, २०२७ पर्यंत तरी पळवायची. त्यामुळे गाडी रस्त्यात बंद पडली, की बोलणी मला बसतात. "मॅडम, हे आत्ता नाही केलं तर रस्त्यात बसाल," एवढं कुणी म्हटलं, की माझा हात आपोआप पर्सकडे जातो. गॅरेजवाल्यानं हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं असणार.

तक्रारी दोनच होत्या. चढाला तिसऱ्या गिअरवर गाडी आचके द्यायची, मिसिंग मारायची. आणि स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून खडखड. आमचे नेहमीचे मेस्त्री गावाला गेलेले, म्हणून भागातल्याच एका गॅरेजात टाकली. काचेची केबिन, आल्याआल्या थंड पाणी, कॉम्प्युटर जोडून तपासणी. गॅरेजचं नाव देत नाही. पैसे परत घेताना तसं कबूल केलंय.

दुपारी फोन आला. "मॅडम, जरा येऊन जाता का? एक सीरियस गोष्ट दाखवायचीय."

गेले. बोनेट उघडं, शेजारी एक पोरगा, त्याच्या हातात काळा रबरी पट्टा. आतल्या बाजूनं दात. मालकानं तो हातात घेऊन माझ्यासमोर उलटा वाकवला, तशा दातांच्या मुळाशी बारीक भेगा उघडल्या. दोन-तीन दात तर उडालेलेच. "हा तुमचा टायमिंग बेल्ट. हा तुटला ना, की पिस्टन वॉल्व्हवर आदळणार. वॉल्व्ह वाकणार, हेड खोलायचं, सत्तर-ऐंशी हजारांचं काम. देवाची कृपा म्हणा."

मी खरोखर देवाची कृपा म्हणाले. एवढंच नाही, त्या पट्ट्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. "वेळेत बघितलं म्हणून वाचलो," आणि पुढे दोनदा नमस्काराचे हात.

त्यानं सांगितलेलं शास्त्र खोटं नव्हतं, आणि तिथंच माणूस फसतो. टायमिंग बेल्ट रबरी असतो, ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो, आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला तर वॉल्व्ह खरंच वाकतात. जुनी ॲक्सेंट, एस्टीम, डिझेल व्हेरिटो या बेल्टवाल्या गाड्या. भारतात २००३ पर्यंत मिळायची त्या पहिल्या सिटीलाही बेल्टच होता, त्यामुळे "सिटीला बेल्ट असतो" म्हणणारा सरळ खोटारडा वाटत नाही. पण त्यानंतर आलेल्या आय-डीएसआय इंजिनात, म्हणजे माझ्या गाडीत, साखळी आहे. टायमिंग चेन. ती धातूची, इंजिनच्या आत, ऑईलमध्ये फिरणारी. बाहेरून दिसत नाही, आणि ती काढायची तर इंजिनचं बाजूचं कव्हर उघडावं लागतं. बाहेर दिसतो तो ऑल्टरनेटर आणि एसी फिरवणारा पट्टा, ज्याला गॅरेजात अजून फॅन बेल्ट म्हणतात. त्याला आडवे दात नसतात, लांबीच्या दिशेनं रेघा असतात. हे सगळं आज मी घडाघडा सांगतेय. तेव्हा मला बेल्ट म्हणजे बेल्ट एवढंच ठाऊक होतं.

बिल झालं ४१,३०० रुपये. बेल्टचे ११,८००, आठ स्पार्क प्लगचे (पेट्रोल पेटवायला ठिणगी देणारे) ५,६००, पुढचे दोन शॉकअप (रस्त्याचे धक्के झेलणारे) १३,४००, लिंक रॉड (चाकाजवळच्या छोट्या दांड्या) २,६००, ऑईल-फिल्टर ३,४००, आणि इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी वगैरे साफसफाई ४,५००. कागदावर ठळक अक्षरात "इस्टिमेट" छापलेलं. जीएसटी क्रमांक नाही, एकाही पार्टचा नंबर नाही. "पक्कं बिल करू का मॅडम? उगाच सात-आठ हजार वाढतील." मी नको म्हटलं. वर घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, की सात हजार वाचवले.

जुने पार्ट मागितले नाहीत, हेही सांगून टाकते. बेल्ट डोळ्यांनी बघितला होता, मग बाकीचं भंगार डिकीत घालून आणायचं कशाला? लाजही वाटली थोडी. थंड पाणी देणाऱ्या माणसाकडे जुने प्लग कसे मागायचे?

पुढचे काही आठवडे गाडी छान चालली. घर ते क्लास, क्लास ते घर, फार तर पुण्यातच डेक्कनपर्यंत. खडखड पूर्ण गेली होती.

एप्रिलच्या शेवटी साताऱ्याला मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आप्पा शेजारच्या सीटवर. शिरवळ गेलं, साताऱ्याकडचं खंडाळा गेलं, खंबाटकी लागली. पुण्याकडून जाताना तेव्हा बोगदा नव्हता, घाटच चढायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला पुढे कंटेनर आडवा आला, गाडी हळू करून पुन्हा उचलायला गेले, तर तेच आचके. एसी बंद केला, दुसरा गिअर टाकला, मागून एसटीवाला हॉर्नवर हात ठेवून. आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "प्लग बघितले होतेस का?"

"आठही नवे आहेत."

"मागचेसुद्धा?"

मी चिडूनच हो म्हटलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मामा त्यांच्या मेस्त्रींकडे घेऊन गेले. गोडोलीत पत्र्याची शेड, बाहेर चिकूचं झाड, खाली दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एकीवर आप्पा बसले. मेस्त्रींचा वेळ वाचावा म्हणून मी आपणहून यादी वाचली. ऑईल नवं, प्लग नवे, शॉकअप नवे, टायमिंग बेल्ट नवा.

मेस्त्री हात पुसता पुसता थांबले. "कुठल्या गाडीचा?"

"याच."

ते पुढे काही बोलले नाहीत. पाना उचलला.

या इंजिनात सिलिंडर चार, पण प्लग आठ. प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन. पुढचे चार बोनेट उघडलं की हाताशी येतात. मागचे चार काचेच्या बाजूला अडचणीत बसलेत, वायपर आणि त्याखालचं प्लॅस्टिकचं आवरण काढल्याशिवाय तिथं धड हात जात नाही. मेस्त्रींनी ते आवरण उचललं. खाली गुलमोहराची बारीक पानं कुजून काळा लगदा झालेला. आमच्या सोसायटीत गाडी गुलमोहराखालीच उभी असते. तो थर एका मोसमाचा नव्हता. मेस्त्री म्हणाले, "ताई, महिन्यापूर्वी इथं कुणी हात घातला असता, तर हे असं राहिलं असतं का?"

मागचा पहिला प्लग कुरकुरत निघाला. पितळी रंगाचं पाणी सुकल्यासारखे डाग, टोक झिजून गोल. चारही तसेच. प्लगला वीज पुरवणारी एक कॉईल मेलेली. पुढचे चार मात्र चकचकीत नवे. म्हणजे पैसे आठांचे, काम चारांचं, तेही सोप्या चारांचं. सपाट रस्त्यावर पुढच्या नव्या प्लगांवर गाडीचं भागून जात होतं. घाटात ओझं पडलं, तेव्हा मागचं उणं बाहेर आलं. पुण्यात फिरत राहिले असते, तर अजून सहा महिने मला काही कळलं नसतं.

मग शॉकअप. चाक काढून मेस्त्रींनी पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा शॉकअपवरून फिरवला. बोळा काळा झाला. रंगाखाली गंज, आणि सीलपाशी जुन्या तेलाचा ओघळ, धुळीसकट. त्या धुळीवरूनच ब्रश मारलेला. एके ठिकाणी ब्रशचा केस रंगात चिकटून राहिला होता. तो मी नखानं काढला.

मग खडखड कशी थांबली? लिंक रॉड खरंच नवे होते. सगळंच खोटं असतं, तर मी आठ दिवसांत भांडायला गेले असते. एक गोष्ट सुधारलेली दिसली, म्हणून बाकीचीही झालीच असणार, असं मी धरून चालले. ऑईलही बदललेलं होतं. इंजेक्टर साफ केले की नाही, ते त्यालाच माहीत. ते काम तपासायची सोयच नसते, म्हणून बहुधा प्रत्येक बिलात असतं.

शेवटी मेस्त्रींनी इंजिनच्या बाजूचं कव्हर दाखवलं. कडेनं कंपनीतलं सीलंट जसंच्या तसं, बोल्टांवर वर्षानुवर्षांची धूळ, एकालाही पाना लागल्याची खूण नाही. खुर्चीवरून आप्पा म्हणाले, "आपल्या गाडीला चेन आहे. पुस्तकात लिहिलंय." गाडीचं पुस्तक पुढच्या खणात पडून होतं. मी त्यात फक्त पीयूसीचे कागद ठेवायचे.

चार प्लग, एक कॉईल आणि मजुरी मिळून ४,९०० रुपये. परत येताना मेस्त्रींनी निघालेले जुने प्लग वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिले, मी न मागता.

पुण्यात आल्यावर वकील मैत्रिणीला विचारलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. पण माझा कागद लंगडा होता. "इस्टिमेट" म्हणजे अंदाज, बिल नव्हे. पैसे यूपीआयनं दिलेले, तेही गॅरेजच्या नव्हे तर कुणा व्यक्तीच्या नावावर. वाचवलेले सात हजार इथं वसूल झाले.

तरी गेले. सोबत नवऱ्याला नेलं नाही, कारण तो तिथं "मी म्हणत होतो" सुरू करेल. मालकानं पुन्हा थंड पाणी दिलं. बेल्टचं विचारल्यावर हसून म्हणाला, "मॅडम, चेनलाच आम्ही बेल्ट लिहितो, कॉम्प्युटरमध्ये तसंच येतं." मी घरचा ग्रुप उघडला आणि फोटो पुढे केला. रबरी पट्टा, त्याच्याच अंगठीवाल्या बोटांत, खाली माझे नमस्कार. त्यानं फोटो मोठा केला, लहान केला. "पोरानं चुकून दुसऱ्या गाडीचा आणला असेल." मग मी वर्तमानपत्र उघडून जुने चार प्लग काचेच्या टेबलावर मांडले. केबिनबाहेर दोन गिऱ्हाइकं बसलेली होती, ती वळून बघायला लागली. तिथून पुढे बोलणं भराभर झालं.

बेल्ट, चार प्लग आणि शॉकअप मिळून २८,००० रुपयांचा खोटा हिशेब. घासाघीस होऊन १६,००० परत मिळाले. मैत्रीण म्हणते अजून ताणायला हवं होतं. असेल. मला त्या केबिनमध्ये पुन्हा बसायचं नव्हतं.

तुमची गाडी दीड-दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेली असेल, तर गाडीचं पुस्तक आज रात्रीच वर काढा आणि टायमिंगला चेन आहे की बेल्ट, प्लग किती, एवढं तरी बघून ठेवा. एका वेळी एकच तक्रार घेऊन जा. सहा कामं एकत्र दिली, की कुठल्या कामानं काय सुधारलं ते कळत नाही, आणि लपवायला जागा मिळते. जुने पार्ट डिकीत ठेवायला काम सुरू व्हायच्या आधीच सांगा. नुसता हातात धरून दाखवलेला पार्ट तुमचाच असतो असं नाही. पक्कं बिल, त्यावर पार्ट नंबर आणि किलोमीटर. कर वाचवण्याची गोष्ट समोरून आली, तर ती तुमच्या भल्यासाठी नसते.

आणि नेलपॉलिश. हसू नका. गाडी टाकायच्या आधी बॅटरी, शॉकअप, जे जे बदलणार म्हणतात त्यावर कोपऱ्यात एक ठिपका लावते. जूनमध्ये आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडून खरे शॉकअप घातले, तेव्हा त्यांना हे दिसलं आणि राग आला. "ताई, बारा वर्षं येताय माझ्याकडे." मी म्हटलं, तुमच्यासाठी नाही, माझ्या सवयीसाठी. ते दिवसभर धड बोलले नाहीत. संध्याकाळी जुनी जोडी ठिपका वर करून डिकीत ठेवलेली होती.

ती अजून बाल्कनीत पडून आहे. भंगारवाला दोन्हीचे मिळून दीडशे म्हणतोय.