काचबिंदूसाठी ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

काचबिंदूच्या बहुतेक रुग्णांचे थेंबांवर भागते. माझ्या उजव्या डोळ्याचा दाब मात्र तीन प्रकारचे थेंब घालूनही तिशीच्या खाली येईना आणि शस्त्रक्रिया काही कारणाने लांबली होती, म्हणून डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅमच्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या सुरू केल्या. लेह-लडाखला जाणारी मंडळी विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून ‘डायमॉक्स’ या नावाने हीच गोळी थोडे दिवस घेतात. ती महिनोन्‌महिने घेणे हा निराळा प्रकार आहे.

गुणाबद्दल माझी तक्रार नाही. डोळ्याच्या आत सतत पाझरणारा द्रव तयार होण्यासाठी कार्बोनिक अनहायड्रेज नावाचे विकर लागते. गोळी त्यालाच अडवते, द्रव कमी तयार होतो आणि दाब उतरतो. पुढच्याच तपासणीत माझा दाब विशीच्या आत आला. पण हे विकर मूत्रपिंडात, तांबड्या रक्तपेशींत आणि जिभेवरही असते, त्यामुळे पोटात घेतलेल्या गोळीचा परिणाम डोळ्यापुरता राहत नाही.

सर्वांत आधी बोटांच्या टोकांना, तळपायांना आणि ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या. सोडा बेचव, काहीसा धातूसारखा लागू लागला. जिभेवरचे तेच विकर सोड्यातील वायूची चव ओळखते, हे कळल्यावर त्याचे नवल ओसरले. लघवीला वारंवार जावे लागे. या गोष्टी ठळक असल्या तरी फारशा धोक्याच्या नाहीत, आणि डॉक्टरांनी त्यांची कल्पना आधीच दिली होती.

खरा त्रास सावकाश आला. भूक मंदावली, वजन उतरले, दुपारी अंगात त्राण उरेना आणि कशातच मन लागेना. घरच्यांनी त्याचा दोष वयाला दिला, शेजारच्या काकूंनी उन्हाळ्याला. ही मरगळ गोळीची असू शकते, हे कोणालाच सुचले नाही. ॲसिटाझोलामाइडमुळे मूत्रावाटे बायकार्बोनेट बाहेर जाऊन रक्तातील आम्लता वाढते, पोटॅशियमही कमी होऊ शकते. थकवा, अरुची आणि उदासी ही या औषधाची माहीत असलेली लक्षणे आहेत. रक्त तपासल्यावर माझे बायकार्बोनेट कमी निघाले, तेव्हा डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी केली आणि थोड्याच दिवसांत जेवणाची चव परतली. मुंग्यांबद्दल डॉक्टर आपणहून विचारतात, मरगळीबद्दल आपण सांगितल्याशिवाय त्यांना समजत नाही, म्हणून प्रत्येक भेटीत वजन आणि भूक यांचा उल्लेख करावा असे माझे मत आहे. मात्र कंटाळून स्वतःच गोळी बंद करू नये. दाब पुन्हा चढतो, आणि डोळ्याच्या नसेचे एकदा झालेले नुकसान भरून येत नाही.

या औषधाने मूतखडा होण्याची शक्यता वाढते, कारण मूत्रातील, खडा होण्यास अटकाव करणारे सायट्रेट घटते. ज्यांना पूर्वी खडा झाला आहे त्यांनी ते आधीच सांगावे. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार आणि रोजची ॲस्पिरिन यांबद्दलही लपवाछपवी नको. मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिनबरोबर ही गोळी घातक ठरू शकते. अंगावर पुरळ, घशाची न थांबणारी खवखव, ताप किंवा विनाकारण काळेनिळे डाग दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रक्तपेशी घटण्याचा दुष्परिणाम क्वचित होतो, पण होतो. पोटॅशियमसाठी शहाळ्याचे पाणी आणि केळी यांचा मारा करण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना तो महाग पडू शकतो, त्यामुळे आधी रक्ताचा अहवाल पाहणे योग्य.

शस्त्रक्रियेनंतर माझ्या गोळ्या बंद झाल्या. मुंग्या लगेच गेल्या, उतरलेले वजन भरून यायला मात्र बराच वेळ लागला. याच गटातील डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड हे थेंब डोळ्यातच काम करत असल्याने शरीरभर होणारा त्रास पुष्कळ कमी असतो. घशात उतरणारी कडवट चव तेवढी सोसावी लागते, आणि थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरला तर तीही कमी होते.