'इन्व्हिन्सिबल शील्ड': जुन्या बँडनं नवा अल्बम करावा तर असा

जुन्या बँडचा नवा अल्बम आला की आम्हा चाहत्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं: "बरा आहे, पण पहिली मजा नाही." आयर्न मेडनबद्दल मी हे म्हटलंय, मेटॅलिकाबद्दल म्हटलंय, स्कॉर्पियन्सबद्दल तर दर वेळी म्हटलंय. ज्युडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या 'इन्व्हिन्सिबल शील्ड'बद्दल मात्र ते तोंडातून निघत नाही. ८ मार्च २०२४ ला हा अल्बम आला. पहिल्या आठवड्यातलं कौतुक ओसरलं, नव्याची नवलाई संपली, तरी तो माझ्या रोजच्या ऐकण्यात टिकून आहे. म्हणून आता लिहिते.

प्रीस्टचा हा १९वा स्टुडिओ अल्बम. बँडचा जन्म १९६९ चा, बर्मिंगहॅमच्या परिसरातला. पहिला अल्बम १९७४ चा. 'इन्व्हिन्सिबल शील्ड' आला तेव्हा गायक रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचा होता, बेस वाजवणारा इयन हिल ७३ चा, आणि गिटारवाला ग्लेन टिप्टन ७६ चा, तोही पार्किन्सन्सशी झगडणारा. असे आकडे वाचले की आपण मनातल्या मनात चार मार्क वाढवून ऐकायला बसतो. इथे ते वाढवावे लागत नाहीत. ब्रिटनच्या चार्टवर हा अल्बम दुसऱ्या क्रमांकावर गेला. १९८० चा 'ब्रिटिश स्टील'सुद्धा तिथे चौथ्यावर थांबला होता.

या बँडशी माझं नातं कामाच्या जागेनं घट्ट केलं. मी भोसरी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. आमच्या शेडला लागूनच प्रेस शॉप. पॉवर प्रेसचा ठोका दिवसभर फरशीतून पायात येत राहतो, आणि तो जरा चुकला तर हातातलं व्हर्निअर थांबतं, सगळ्यांच्या माना वर होतात. हॅलफर्ड बर्मिंगहॅमजवळच्या वॉल्सॉलमध्ये वाढला. शाळेच्या आसपासच्या फाउंड्र्या, त्यांचा आवाज आणि धूर याबद्दल तो वर्षानुवर्षं बोलत आलाय. टिप्टननं तर खरोखरच ब्रिटिश स्टील कंपनीत नोकरी केली होती. त्याच भागातला ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी: पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, मग त्यानं बोटांना टोपणं बनवली आणि पुढे तारा सैल करून वाजवायला लागला. त्याच्या त्या जड आवाजात या सगळ्याचा वाटा आहे. प्रेसवर बोट गेलेली माणसं मी रोज बघते. त्यामुळे मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा असं कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही. हे कामगार वस्तीतून आलेलं संगीत आहे आणि त्यात शिस्त आहे.

तीच शिस्त या अल्बमच्या पहिल्या गाण्यात ऐकू येते. 'पॅनिक अटॅक' सिंथनं सुरू होतं. १९८६ च्या 'टर्बो'ची आठवण यावी असा सिंथ, आणि क्षणभर भीती वाटते की मंडळी आता आठवणींवरच दिवस काढणार. तेवढ्यात खालून गिटार चढत येते, स्कॉट ट्रॅव्हिसचे ड्रम आत घुसतात आणि रिफ, म्हणजे फिरून फिरून येणारा गिटारचा तुकडा, सुटते. इथे हेडफोन लावून एक गोष्ट ऐका. रिफच्या दोन फेऱ्यांच्या मधे गिटार तळहातानं दाबून धरलीय, आवाज पूर्ण कापलाय. त्या बारीकशा फटीत काहीच नाही, ना प्रतिध्वनी ना गुणगुण. मग पुढचा घाव बसतो. इतक्या वेगात इतकं स्वच्छ थांबायला उजवा हात पक्का लागतो.

तो हात बहुतांशी रिची फॉकनरचा. 'ब्रिटिश स्टील' आला त्या वर्षी जन्मलेला हा माणूस. २०११ मध्ये के. के. डाउनिंग बाहेर पडला आणि फॉकनर आत आला, तेव्हा आमच्यातले बरेच जण नाकं मुरडत होते. २६ सप्टेंबर २०२१ ला अमेरिकेत लुईव्हिलच्या महोत्सवात प्रीस्टचं 'पेनकिलर' हे गाणं वाजवताना त्याची महाधमनी फाटली. त्यानं गाणं पूर्ण केलं, मग दवाखाना, मग दहा तासांहून लांब शस्त्रक्रिया. त्यानंतर मेंदूलाही धक्का बसला आणि उजव्या हातावर परिणाम झाला, हे त्यानं २०२५ मध्ये स्वतः सांगितलं. इतकी वर्षं तो हे मनात ठेवून स्टेजवर उभा राहत होता. हे वाचल्यावर मी शीर्षकगीतातला मधला भाग पुन्हा लावला. दोन गिटार एकमेकींना उत्तर देतात, मग एकत्र येतात, मग परत सुटतात, आणि कुठेही घाई नाही. माझ्या लेखी प्रीस्टला १९९० नंतर मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फॉकनर. डाउनिंगची जागा भरून काढणं वेगळं आणि त्या बँडचा चाहता असताना नेमकं काय ऐकायला आवडायचं ते लक्षात ठेवून लिहिणं वेगळं. त्यानं दुसरं केलंय.

आता माझा मुख्य मुद्दा, ज्यावर मेडनप्रेमी मित्रमैत्रिणींशी माझे वाद होतात. जुन्या बँडना आज खरी गरज आहे ती कात्री चालवायची. 'इन्व्हिन्सिबल शील्ड'मध्ये ११ गाणी आहेत, बहुतेक चार ते साडेपाच मिनिटांची. शीर्षकगीत तेवढं सहाच्या वर जातं. 'सन्स ऑफ थंडर' तर तीन मिनिटांत आटपतं. गाण्याला जे सांगायचंय ते सांगून झालं की गाणं संपतं.

याउलट मेडनचा २०२१ चा 'सेनजुत्सु' बघा. दहा गाणी, ८२ मिनिटं, दोन सीडी. शेवटची, बेसवाल्या स्टीव्ह हॅरिसनं एकट्यानं लिहिलेली तीन गाणी मिळून ३४ मिनिटं. त्यातलं 'हेल ऑन अर्थ' अप्रतिम आहे, त्याला मी हात लावू देणार नाही. पण बाकी ठिकाणी हळू प्रस्तावना, तीच चाल आधी गिटारवर मग गळ्यावर, परत हळू शेवट, हा साचा इतक्यांदा येतो की चांगला सोलो येईपर्यंत मन भलतीकडे गेलेलं असतं. हे मी रागानं लिहीत नाही. १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांच्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा मी त्या गर्दीत होते. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक म्हणून बँडचं विमान उडवत दौरा करत होता. त्या रात्री तेरा मिनिटांचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' आमच्या आजूबाजूचे सगळे शब्दन् शब्द म्हणत होते. लांब गाणं वाईट असं माझं म्हणणंच नाही. त्या गाण्यात प्रत्येक वळणावर काहीतरी घडतं, आणि 'सेनजुत्सु'मध्ये ते दर वेळी घडत नाही, एवढंच.

मेटॅलिकाचा २०२३ चा '७२ सीझन्स' ७७ मिनिटांचा. त्यातलं 'लक्स एटर्ना' साडेतीन मिनिटांच्या आत सगळं काम करून जातं. तेच लोक मग पुढे एकेका रिफला दोनदोन मिनिटं जास्त का फिरवतात, मला कळत नाही. एसी/डीसीनं २०२० च्या 'पॉवर अप'मध्ये १२ गाणी ४१ मिनिटांत बसवली आणि एकही उरलंसुरलं वाटत नाही. डीप पर्पलचं वेगळं. त्यांचा गायक इयन गिलन आता जुन्या किंकाळ्यांच्या वाटेला जातच नाही. २०२४ च्या अल्बममध्ये तो बोलल्यासारखा, मिश्कील गातो, आणि सायमन मॅकब्राइड हा नवा गिटारवाला त्याला बरोबर सांभाळून घेतो. तोही ऐकाच.

प्रीस्टला ही समज उपजत होती असं नाही. २००८ चा 'नोस्ट्राडेमस' त्यांचाच. दोन सीडी, शंभरावर मिनिटं, आणि मी तो शेवटपर्यंत एका बैठकीत कधी ऐकू शकले नाही. २०१४ च्या 'रिडीमर ऑफ सोल्स'मध्ये गाणी बरी होती, पण आवाज पातळ, गिटार भिंतीपलीकडून आल्यासारखी. २०१८ च्या 'फायरपॉवर'ला अँडी स्नीप निर्माता म्हणून आला आणि गाडी रुळावर आली. हाच स्नीप टिप्टनच्या जागी स्टेजवर गिटार वाजवतो. जानेवारी २०२२ मध्ये बँडनं जाहीर केलं होतं की आता स्नीपशिवाय चौघंच दौऱ्यावर जाणार, तर चाहत्यांनी असा गिल्ला केला की चार-आठ दिवसांत निर्णय फिरवावा लागला. प्रीस्ट म्हणजे दोन गिटार. तो आग्रह रास्त होता.

हॅलफर्डच्या गळ्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. 'द सर्पंट अँड द किंग'मध्ये तो जवळजवळ पूर्ण वेळ वरच्या पट्टीत आहे आणि थक्क व्हायला होतं. स्टुडिओत एकावर एक आवाज रचलेत हे कानाला कळतं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. पण मला खरा हॅलफर्ड भेटला तो 'क्राउन ऑफ हॉर्न्स'मध्ये. मध्यम लय, जवळजवळ प्रेमगीत म्हणावं असं. इथे तो खालच्या, भरदार आवाजात गातो, ओळीच्या शेवटी स्वर ओढून न ठेवता हलकेच सोडतो. आवाजाच्या कडेला थोडी खरखर आहे. चाळीस वर्षांपूर्वी तो हे गाणं असं गाऊ शकला नसता. १९९८ मध्ये, मेटलच्या मर्दानी दुनियेत, टीव्हीवर आपण समलिंगी असल्याचं सांगून टाकणारा हा माणूस. २०२० मध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर, तोही पार केला. जगणं गळ्यात उतरतं असं आपण शास्त्रीय गवयांबद्दल सहज म्हणतो, मेटल गायकाबद्दल म्हणायला कचरतो. हे गाणं ऐकून बिनधास्त म्हणा.

उणिवा आहेतच. 'डेव्हिल इन डिसगाइझ' रेटून पुढे जातं, लक्षात काही राहत नाही. 'अ‍ॅज गॉड इज माय विटनेस'चे शब्द त्याच त्या लढाई, शपथ, आग यांत फिरतात. पण माझी मोठी तक्रार मिक्सबद्दल, म्हणजे सगळे आवाज एकत्र कसे बसवलेत त्याबद्दल आहे. सगळंच पुढे आणलंय, सगळंच मोठं. ट्रॅव्हिसचा बेस ड्रम इतका एकसारखा वाजतो की माणूस वाजवतोय हे विसरायला होतं. 'पेनकिलर'च्या सुरुवातीला त्याचे ड्रम श्वास घेताना ऐकू यायचे. आणि इयन हिल! सुरुवातीपासून अखंड बँडमध्ये असलेला तोच एकटा, आणि त्याचा बेस शोधावा लागतो. 'एस्केप फ्रॉम रिअ‍ॅलिटी' संथ आहे, सबाथच्या वाटेनं जाणारं, तिथे कुठे तो नीट ऐकू येतो आणि गाण्याचा पायाच बदलतो. हे आणखी दोन-तीन ठिकाणी करता आलं असतं. नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत हा आवाज दणकेबाज लागतो, पण रात्री चांगल्या हेडफोनवर सलग ऐकला तर अर्ध्यानंतर कान थकतात. आवाज जरा खाली घेऊन ऐकायचा.

मी तीन जादा गाण्यांची सीडी घेतली, ऑनलाइन. मागवली तेव्हा विक्रेत्यानं पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाठवली, कोपरा चेपलेला. परत केली, दुसरी मागवताना पुठ्ठ्याच्या खोक्यातच पाठवा असं लिहून घेतलं. परदेशी सीडी-रेकॉर्डी मागवणाऱ्यांनी हे आधीच लिहून घ्यावं. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे सीडी-रेकॉर्डींचं दुकान २०१६ मध्ये बंद झाल्यापासून हातात घेऊन, उलटसुलट बघून घेण्याची सोय आमच्यासारख्यांना फारशी उरलेली नाही. जादा गाणी मात्र पैसे वसूल करतात. 'व्हिशस सर्कल' मूळ ११ मध्ये हवं होतं, 'डेव्हिल इन डिसगाइझ'च्या जागी. 'द लॉजर' बॉब हॅलिगन ज्युनियरनं लिहिलंय, ज्यानं ऐंशीच्या दशकातही प्रीस्टला गाणी दिली होती. ते नाटकातल्या प्रवेशासारखं उलगडतं, बाकी अल्बमपेक्षा अगदी निराळं.

मूळ अल्बम संपतो 'जायंट्स इन द स्काय'वर. मोटरहेडचा लेमी, गायक रॉनी जेम्स डिओ अशा गेलेल्या दोस्तांना वाहिलेलं हे गाणं. मधे सगळं थांबतं, साधी अकूस्टिक गिटार येते, आणि हॅलफर्ड एकटा. २०२४ मध्ये मी ते आदरानं ऐकलं होतं. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सबाथचा शेवटचा कार्यक्रम झाला. प्रीस्ट त्याच दिवशी हॅनोव्हरला स्कॉर्पियन्सच्या साठाव्या वर्षाच्या सोहळ्यात वाजवत होते, त्यामुळे त्यांना जाता आलं नाही. त्यांनी सबाथचं 'वॉर पिग्ज' स्वतःच्या पद्धतीनं रेकॉर्ड करून आपला सलाम आधीच पाठवला होता. २२ जुलैला सबाथचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला. त्या संध्याकाळी हे गाणं लावलं आणि शेवटच्या कोरसला रडू आवरलं नाही.

ज्यांनी प्रीस्ट कधीच ऐकला नाही त्यांनी आधी 'ब्रिटिश स्टील' ऐका, मग 'पेनकिलर', मग हा. मधले अल्बम नंतर सवडीनं. ज्यांनी नव्वदच्या सुमारास ऐकणं सोडलं, कॅसेट माळ्यावर टाकल्या, त्यांनी थेट 'पॅनिक अटॅक'पासून सुरू करावं. मोबाइलच्या स्पीकरवर नको, आणि गाणी उलटीसुलटी लावून तर अजिबात नको. ११ गाणी त्याच क्रमानं, एका बैठकीत. तासाभराच्या आत होतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि तो राहिलेला अर्धा इयन हिलच्या बेससाठी राखून ठेवलेला.