सीगार्डियन की दृष्टी-१०?

समुद्रावर नजर ठेवायला भारतीय नौदलाने दोन प्रकारची मोठी मानवरहित विमानं आजमावली. अमेरिकी सीगार्डियन २०२० मध्ये भाड्याने आलं, तामिळनाडूतल्या अरक्कोणमहून उडू लागलं: ४० हजार फुटांवर, तीस तासांहून जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये एक बंगालच्या उपसागरात उतरवावं लागलं. तरी पुढच्याच महिन्यात ३१ विमानांचा करार झाला, त्यांतली १५ नौदलाची.

दृष्टी-१० हैदराबादचं, मूळ आराखडा इस्रायली. ३६ तास, ४५० किलो भार, उंची मात्र ३० हजार फूटच. जानेवारी २०२५ मध्ये, ताब्यात घेण्याआधीच्या चाचणीत, एक पोरबंदरजवळ कोसळलं. (चाचण्या असतात त्याचसाठी!)

खोल हिंदी महासागरात मी सीगार्डियनच पाठवेन. किनाऱ्यालगतच्या रोजच्या गस्तीला दृष्टी पुरे.