दुनाळीवरचं सोनं आणि माझे २,११,५०० रुपये

बंदुकीचे १,९०,०००, मूल्यांकनाचे १५,०००, माझ्या तीन खेपांचे ६,५००. घरात खरा आकडा अजून सांगितलेला नाही. इथे लिहितोय, कारण ज्यानं ही बंदूक माझ्या गळ्यात मारली, तोच माणूस आता दुसरं गिऱ्हाईक शोधतोय असं कानावर आलंय.

माल म्हणजे जुनी विलायती दुनाळी, बारा बोअरची. ‘संस्थानिकांच्या घरची’ ही कथा विकणाऱ्यानं सांगितलेली. चापाच्या वरच्या लोखंडी पेटीवर दोन्ही बाजूंना सोन्याची तितरं, नळ्या काळ्याभोर. मी काही अडाणी नाही. आजोबांची शेतीसंरक्षणाची बंदूक इतकी वर्षं मीच साफ करत आलोय. परवाना, हस्तांतर, सगळं रीतसर केलं. वर मूल्यांकन करणाऱ्याचा सही-शिक्क्याचा दाखला: ‘अस्सल सुवर्णजडित, मूळ झिलई’. त्याला विकणाऱ्यानंच आणलं होतं. तसला माणूस कधीही घेऊ नका, आपला आपण शोधा.

ओसरीवर बंदूक हातात घेतली तेव्हा दस्त्यावरची चौकड्यांची नक्षी घासून पार गुळगुळीत झालेली अंगठ्याला लागली. आणि तिथून चार बोटांवर, जिथे हात सतत टेकणार, तिथलं सोनं कालच सोनाराकडून आणल्यासारखं. एक ओरखडा नाही. स्क्रूंच्या खाचाही कुणीतरी उचकटल्यासारख्या. मला हे सगळं दिसलं हो! आणि तोंडातून निघालं काय, तर ‘‘किती जपलीय!’’ विकणारा नुसता हसला. ते हसू अजून झोपू देत नाही.

पहिल्याच पावसात दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेनं पांढरी भुकटी फुटली. बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी भिंग दिलं. खऱ्या जडावात लोखंडात खाच कोरतात, तिचे काठ आतून कातरतात आणि सोनं ठोकून बसवतात. त्याची कड स्वच्छ दिसते. इथे सोनं कोरीव रेषांच्या तळाशी उतरलं होतं, कडेबाहेर पसरलं होतं. निव्वळ मुलामा. पंखाच्या टोकाला त्यांनी सुई लावली, खाली करडं लोखंड. नळ्याही उकळत्या क्षारात बुडवून काळ्या केलेल्या. जुन्या दुनाळीची पट्टी कथलाच्या झाळीवर बसवलेली असते. तो क्षार झाळ खातो, पट्टीखाली अडकतो आणि आतून गंजवतो. अशा नळ्या सावकाश, गंज चढवून चढवूनच काळ्या करायच्या असतात. ‘‘हिच्यातून बार काढू नका,’’ एवढंच ते म्हणाले.

जुनी दुनाळी घेण्याआधी नळ्या सुट्या करून टांगा, बोटाच्या पेरानं वाजवा. घंटेसारखा नाद हवा. बद्द आवाज आला की उठून चालू लागा.

पोलीस ठाण्यात चार वेळा गेलो. ‘‘बंदूक मिळाली, कागद बरोबर, मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.’’ खोटं सांगून पैसे उकळणं ही भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात फसवणूकच आहे, हे मी, एका शेतकऱ्यानं, त्यांना सांगायचं? अर्ज घेतला, पोच दिली नाही. वर अर्ज केला, तो फिरून त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर. परवाना शाखा म्हणते, आम्ही नंबर बघतो, नक्षी नाही. पाचव्यांदा गेलो तर उलट मलाच विचारलं, ‘‘एवढ्या पैशांची बंदूक हवीच कशाला होती?’’

मूल्यांकनाच्या त्या १५,००० ची मात्र पावती आहे. पैसे घेऊन दिलेली सेवा होती ती, म्हणून ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. बंदुकीचे १,९०,००० मी रोख मोजले होते. तुम्ही बँकेतूनच द्या, आणि दाखल्यावर ‘अस्सल’ लिहिलं असेल तर कशावरून, तेही लिहून घ्या.