टर्बो की बिगरटर्बो: पैसे कुठं घालावेत?

गाडीची ताकद वाढवायची तर टर्बो (इंजिनात दाबानं जादा हवा भरणारं यंत्र) असलेल्या गाडीला ईसीयू रिमॅप करावा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलावी. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवला की त्याच इंजिनातून बऱ्याचदा 15 ते 20 टक्के जादा ताकद मिळते. कोकणातून परतताना करूळ घाट चढायला लागलात की फरक लगेच कळतो. पण टॉर्क (इंजिनाचा फिरवणारा जोर) वाढला की क्लच घसरू शकतो. मे महिन्याच्या उन्हात छोटा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) तापतो, इंजिनात गरम हवा जाते आणि नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक) सुरू होतं. म्हणून आधी मोठा इंटरकूलर, मगच जादा बूस्ट.

बिगरटर्बोत नुसत्या रिमॅपनं फारसं हाती लागत नाही. हेडर (धूर बाहेर नेणारे पाइप), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), पोर्टिंग (हवेचे मार्ग घासून मोकळे करणं) सगळं जुळवावं लागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीनिंगची कामं होतात, ही आपली जमेची बाजू. तरी खर्चाच्या मानानं ताकद टर्बोतच जास्त. बिगरटर्बोवाल्यांनी तेच पैसे टायर-ब्रेकवर घालावेत, असं माझं ठाम मत.