कांगारू, बकरी, वासरू: गोफाच्या काठासाठी तीन लेस, नऊ महिन्यांनंतर

नऊ महिन्यांपूर्वी मी एकामागोमाग एक अशा तीन वस्तूंच्या काठावर चामड्याच्या लेसचा दुहेरी फाशाचा गोफ घातला. लेस म्हणजे चामड्याची अरुंद पट्टी. ती काठालगत पाडलेल्या चिरांतून ओवायची आणि दर टाक्याला आधीच्या फाशांच्या फुलीखालून काढायची, की काठावर गोफ दिसतो. पाकिटाला कांगारूची लेस, वहीच्या कव्हरला बकरीची आणि खांद्याच्या पिशवीच्या झडपेला वासराची. तिन्हींची रुंदी सारखीच, ३/३२ इंच, म्हणजे साधारण २.४ मिलिमीटर. तिन्ही वस्तू तेव्हापासून रोज हातात आहेत, त्यामुळे नव्या रिळाची चकाकी बघून झालेलं मत आणि वापरून झालेलं मत यांतला फरक आता नीट सांगता येईल.

कांगारूपासून सुरुवात करते, कारण तिच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं. या कातड्याचे तंतू बहुतांशी पृष्ठभागाला समांतर आणि एकसारखे असतात. गाईच्या कातड्याची ताकद वरच्या थराखालच्या, एकमेकांत गुंतलेल्या तंतूंमध्ये असते, त्यामुळे ते पातळ करताना नेमका तो भाग निघून जातो. कांगारूचं कातडं एक मिलिमीटरच्या आत तासलं तरी ओढ सहन करतं. पाकिटाचे कोपरे दिवसातून दहा वेळा खिशाला घासतात, तरी तिथला एकही फासा तुटलेला नाही. रंग थोडा उतरलाय आणि काठाला हाताची तुकतुकी आलीय, जी मला तरी आवडते.

पण ही लेस ताणते. पहिल्या खेपेला मी ती रिळावरून काढून तशीच ओवली आणि तीन आठवड्यांत फासे सैल पडून काठावर डुलायला लागले. सगळं उसवलं. दुसऱ्या वेळी प्रत्येक तुकडा आधी दोन्ही हातांत धरून, वीतभर वीतभर सरकवत, सावकाश ताणून घेतला. ताणल्यावर ती किंचित अरुंद होते, म्हणून हे काम चिरा पाडायच्या आधी करून मगच माप बघावं. तेव्हापासून काठ हललेला नाही.

बकरीची लेस हाताला सगळ्यात गोड लागते. मऊ आहे, फासा लगेच बसतो, आणि गोफ भरीव दिसतो. अडचण सांध्यांची आहे. बकरीचं कातडं लहान असतं, त्यामुळे लांब रीळ भरायला छोटे तुकडे चिकटवून जोडलेले असतात. वहीच्या कव्हरात असे दोन सांधे गेले, मी ते तसेच ओवले, आणि चौथ्या महिन्यात त्यातला एक सुटला, तोही नेमका कोपऱ्यावर. आता रीळ घेतलं की आधी सगळी लेस चिमटीतून सरकवते. बोटाला गाठ किंवा जाडी लागली की तिथे कापते आणि सांधा स्वतः घालते.

सांध्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते काठ किती टिकेल हे लेसच्या जातीइतकंच यावर ठरतं. दोन्ही टोकं दीड-दोन सेंटिमीटर लांबीपर्यंत रापीने, म्हणजे चामडं तासायच्या पात्याने, उतरती तासायची, एक गुळगुळीत बाजूने आणि दुसरं खरबरीत बाजूने. एकावर एक ठेवल्यावर जाडी मूळ लेसइतकीच भरली पाहिजे. दोन्हींना चामड्याचा डिंक लावून तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग जुळवून दाबायचं. गुळगुळीत बाजूला वर येणारं टोक सुईकडच्या तुकड्याचं असावं. मग ओढताना ते मागे वळलेलं राहतं, चिरेत अडकून उचकटत नाही. आणि सांधा कोपऱ्यावर येईल असं दिसलं, तर तो तुकडा आधीच आखूड करून सांधा सरळ काठावर आणावा.

वासराची लेस ताठ आणि चकचकीत. झडपेवर ती तिन्हींत सगळ्यात देखणी दिसते, टाके एकसारखे, जणू कोरून काढलेले. मात्र झडप जिथे रोज दुमडते, तिथे वरच्या चकाकीच्या थराला बारीक भेगा पडल्यात. शिवाय गडद तांबडी घेतली होती. पहिल्याच पावसात तिचा रंग सुटून कपड्याला लागला. आता कुठलीही रंगीत लेस घेताना ओल्या पांढऱ्या फडक्यात धरून ओढून बघते. सोबत गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून घडी घालते, भेग दिसली तर नको. रुंदीही तपासते: रिळाची दोन दूरची टोकं शेजारी ठेवली की कापताना पातं हललं होतं का ते लगेच कळतं. कितीतरी दिवस माझे टाके लहानमोठे का दिसतात म्हणून मी हाताच्या ओढीवर मेहनत घेत होते, आणि दोष लेसच्या रुंदीत होता.

प्लॅस्टिकची लेस टाका शिकायला चालते. ती ठोकून बसत नाही, त्यामुळे खऱ्या कामाला मी ती वापरणार नाही.

लांबीचा हिशोब: दुहेरी फाशाला काठाच्या सात ते साडेआठ पट लेस लागते. साध्या गुंडाळीच्या टाक्याला साडेतीन पट पुरते. ६० सेंटिमीटरच्या काठाला मी पाच मीटर धरते, पण एका वेळी दीड मीटरच ओवते. दीड मीटरमध्ये जेमतेम २० सेंटिमीटर काठ होतो. चार मिलिमीटरवर एक चीर धरली तर सुईजवळचा भाग पन्नास चिरांतून आणि तितक्याच वेळा फुलीखालून ओढला जातो. लांब तुकडा घेतला की तो भाग विणून व्हायच्या आधीच झिजतो. सांधे वाढतात हे खरं, पण चांगला सांधा झिजलेल्या लेसपेक्षा बरा.

पाकीट आणि कव्हर यांना मी दात्यांच्या छिन्नीने चिरा पाडल्या, काठापासून तीन मिलिमीटर आत. चीर लेसभोवती मिटते, म्हणून मागची बाजूही स्वच्छ दिसते. झडप जाड होती, तिथे गोल भोकं पाडली. ओढायला सोपं गेलं, पण भोकांच्या कडा आजही डोकावतात. पुढच्या वेळी जाड कातड्यालाही चिराच. कोपऱ्यावरच्या चिरेतून तीनदा फिरवलं की गोफ वळणावर विरळ पडत नाही, आणि शेवटी गुळगुळीत लाकडी हातोडीने हलके ठोकलं की सगळे टाके एका उंचीवर बसतात. चामडं मऊ ठेवायचं मलम मात्र बेताने लावा. बकरीच्या लेसला मी एकदा हात सैल सोडून लावलं आणि ती आणखी मऊ पडून ताणली.

सुटलेल्या कोपऱ्यामुळे वहीचं कव्हर या आठवड्यात पूर्ण उसवलं. नवी लेस पुन्हा बकरीचीच घेतलीय. वही पिशवीत घासली जात नाही, ती हातात धरली जाते, आणि तिथे मला तोच मऊपणा हवा आहे. या वेळी रिळात तीन सांधे सापडले. तिन्ही कापून नव्याने जोडलेत, आणि आज रात्री ओवायला बसणार आहे.